सरासरी १०० असताना ११० टोकन पुरतील का?

चिखलीत बारावीचा निकाल लागला की आपले सरकार सेवा केंद्रांवर उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेयर, डोमिसाइल यांसाठी रांगा लागतात. समजा, अशा दिवसांत एका केंद्रावर रोज सरासरी १०० जण येतात आणि केंद्रचालकाने रोजची ११० टोकन ठेवली आहेत. मग खेड्यावरून एसटीने आलेल्या पोराला हात हलवत परत जावं लागेल, असा दिवस कितीदा येईल?

लोक एकमेकांशी न ठरवता आपापल्या सोयीने येत असतील, तर रोजचा आकडा पॉयसन वितरणाने मांडता येतो. (सिमेओं पॉयसन या फ्रेंच गणितज्ञाने ते १८३७ मध्ये मांडलं, तेही कोर्टाच्या निकालांवरच्या पुस्तकात!) सूत्र अवघड नाही, पण ० ते ११० अशा १११ शक्यता काढून त्यांची बेरीज करायची, आणि त्यात ११० चं फॅक्टोरियल. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर ७० च्या फॅक्टोरियललाच ‘मॅथ एरर’ दाखवतो.

इथे नॉर्मल वितरण कामाला येतं. पॉयसनमध्ये सरासरी आणि व्हेरियन्स सारखेच असतात, म्हणजे इथे दोन्ही १००. म्हणून प्रमाण विचलन √१०० = १०. सरासरी एवढी मोठी असली की पॉयसनचा आलेख जवळपास नॉर्मलसारखाच घंटेच्या आकाराचा दिसतो. फक्त एक मेख आहे. माणसं पूर्णांकात मोजतात आणि नॉर्मल वितरण सलग असतं, म्हणून ११० आणि १११ यांच्या मधली सीमा, ११०.५, घ्यायची.

(११०.५ − १००) ÷ १० = १.०५

नॉर्मल टेबलमध्ये १.०५ साठी ०.८५३१ मिळतात. १ मधून वजा केले की उरतात ०.१४६९. म्हणजे साधारण सात दिवसांतून एकदा कुणीतरी परत जाणार. कॉम्प्युटरने काढलेलं पॉयसनचं नेमकं उत्तर ०.१४७१ आहे. एवढ्या फरकाने कुणाचं काही अडत नाही.

टोकन १२० केली तर? नॉर्मल सांगतं ०.०२०२, म्हणजे पन्नास दिवसांतून एकदा. नेमकं उत्तर ०.०२२७, म्हणजे ४४ दिवसांतून एकदा. पॉयसनची उजवी शेपटी जरा लांब असते, त्यामुळे टोकाला नॉर्मल धोका कमी दाखवतं. परीक्षेत चालेल, पण खरा निर्णय घ्यायचा असेल तर मोबाइलवरच्या गूगल शीट्समध्ये पॉयसनचं फंक्शन आहे, तेच वापरा. सरासरी ४ सारखी छोटी असेल तर नॉर्मलच्या नादी लागूच नका. ते उणे माणसं येण्यालाही १.२ टक्के शक्यता देऊन बसतं!

आणि प्रवेशाच्या शेवटच्या दोन दिवसांत यातलं काहीच लागू नाही. तेव्हा सरासरी १०० राहत नाही, आणि एकाने ग्रुपवर ‘आज गर्दी नाही’ टाकलं की पाच मित्र एकदमच येतात.