पुराच्या पाण्यात रबरी बोट

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला, तेव्हा पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत माणसं जास्त झाली होती. गेलेल्यांत बायका-मुलं बरीच. पुरात आता रबरी बोटीही येतात, म्हणून आम्ही गटातल्या बायकांनी त्यांची माहिती करून घेतली.

ही बोट हवेवर तरंगते. कडेच्या नळीत वेगवेगळे कप्पे असतात, एक फुटला तरी बाकीचे धरून ठेवतात. उन्हात हवा भरली की नळी टणक लागते. पण गार पाण्यात उतरवली की आतली हवा आकसते, नळी मऊ पडते, आणि मऊ बोट लाटेवर मधोमध दुमडते. तेव्हा पाण्यात टाकल्यावर हाताने दाबून बघायचं, लागलं तर पुन्हा पंप मारायचा.

किती माणसं बसवायची हे बोटीवर लिहिलेलं असतं. पाण्याला ओढ असेल तर त्याहूनही कमी बसवावीत. ‘एवढं एक पोर घ्या हो’ असं आपणच म्हणतो. तिथं जीभ आवरायची. बोट दुसऱ्या फेरीला येतेच.

चालवणाऱ्याने लाट पुढच्या टोकावर, किंचित तिरकी घ्यायची. लाट बाजूवर आदळली की बोट पलटी होते. बोट हलकी, त्यामुळे समोरच्या वाऱ्याने पुढचं टोक उचललं जातं. म्हणून थोडं वजन पुढे, आणि सगळ्यांनी खाली तळाशी बसायचं. प्रवाह ओलांडताना टोक वरच्या अंगाला तिरकं धरायचं, वेग कमीच. झाड, खांब, कुंपण यांच्या वरच्या बाजूला जवळून जायचं नाही. पाणी बोटीला त्यांच्यावर दाबून धरतं. विजेच्या तारांपासूनही लांब. इंजिन बंद करणारी दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला अडकवलेली हवीच, म्हणजे तो पडला तरी पंखा थांबतो.

आता आपलं काम. जॅकेट साडीवरून घालून सगळे पट्टे आवळायचे, लेकराला त्याच्या मापाचंच. पदर खोचायचा. फोटोसाठीसुद्धा उभं राहायचं नाही. काठ लागला की सगळ्या एकदम उठतात, तीच वेळ वाईट; चालवणारा सांगेल तशी एकेकीने उतरायचं.

पाण्यात पडलीच, तर उताणं व्हायचं, पाय प्रवाहाच्या दिशेला आणि वर. ओढ्यात उभं राहायला गेलं की पाय दगडात अडकतो. काठावरून दोरी आली तर हाताने धरायची, कमरेला बांधायची नाही.