शब्दही अक्षय्य असावा
आखाजीची हिरेखरेदी आणि ग्राहकाचा हक्क

अक्षय्यतृतीया म्हणजे आपल्या खानदेशची आखाजी. वैशाख शुद्ध तृतीयेस पितरांच्या नावाने घागर भरावी, पुरणपोळी व आमरसाचा नैवेद्य दाखवावा, माहेरी आलेल्या लेकींनी झोक्यावर बसून गौराईची गाणी म्हणावीत आणि शेतकऱ्याने सालदाराशी पुढील वर्षाचा ठराव करावा, ही या मुलुखाची जुनी रीत. या दिवशी केलेले दान, जप आणि पुण्यकर्म क्षय पावत नाही, अशी आपली श्रद्धा आहे. मग या दिवशी दिलेला शब्द तरी क्षय का पावावा? सालदाराचा वर्षाचा ठराव ज्या विश्वासावर होतो, त्याच विश्वासावर सराफाच्या पेढीवरील व्यवहारही उभा असतो.

साडेतीन मुहूर्तांतील हा एक मुहूर्त. पिंप्राळ्यातील कुटुंबे या दिवशी जळगावच्या सराफ बाजाराची वाट धरतात. जळगावच्या सोन्याची कीर्ती दूरवर आहे, आणि ती प्रामाणिक सराफांनी पिढ्यानुपिढ्या जपली आहे. कालपर्यंत ही खरेदी गुंजभर सोन्याची असे. आता लेकीच्या लग्नासाठी हिऱ्याची अंगठी, कुड्या किंवा चमकी घेण्याचीही प्रथा रुजली आहे. कापसाच्या वा केळीच्या पैशातून वर्षभर शिल्लक टाकून घेतलेला तो दागिना मुलीचे स्त्रीधन ठरतो. अडीअडचणीच्या काळी तोच तिचा आधार. म्हणूनच त्यातील खडा खरा की खोटा, हा हौसेचा नव्हे, तर संसाराचा प्रश्न आहे.

सोन्याच्या बाबतीत आज ग्राहकाला एक भक्कम आधार मिळाला आहे. 16 जून 2021 पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला, आणि 1 एप्रिल 2023 पासून या सक्तीखालील दागिन्यांवर सहा अंक-अक्षरांची स्वतंत्र ओळखखूण असणे आवश्यक ठरले. परंतु ही खूण केवळ सोन्याचा कस सांगते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. कोंदणात बसविलेल्या हिऱ्याविषयी ती एक अक्षरही बोलत नाही. सोने आटविले तरी त्याचे मोल उरते. हिऱ्याचे मोल मात्र त्याच्या ओळखीवर अवलंबून असते, आणि ती ओळख सांगणारा कागद म्हणजे रत्नपरीक्षा प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र.

या प्रमाणपत्रात हिऱ्याचे वजन, रंग, निर्मळता आणि पैलूंची घडण यांची नोंद असते. एक कॅरेट म्हणजे 200 मिलिग्रॅम, आणि त्याचे शंभर सेंट होतात. याहून महत्त्वाची नोंद म्हणजे हिरा भूगर्भातून निघालेला आहे की प्रयोगशाळेत घडविलेला. मानवनिर्मित हिरा 1954 साली अमेरिकेत सिद्ध झाला. आज असे हिरे नैसर्गिक हिऱ्यापेक्षा पुष्कळ स्वस्त मिळतात, आणि नुसत्या डोळ्यांनी दोहोंतील भेद जवाहिऱ्यालाही सांगता येत नाही. प्रयोगशाळेत घडलेला हिरा विकणे हा गुन्हा नव्हे. तो नैसर्गिक म्हणून विकणे ही फसवणूक होय. अमेरिकेत 1931 साली स्थापन झालेली जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका आणि अँटवर्प येथे 1975 साली स्थापन झालेली इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट या दोन्ही संस्थांच्या प्रयोगशाळा मुंबईत आहेत. त्यामुळे खड्याची परीक्षा आज आपल्या आवाक्याबाहेरची राहिलेली नाही.

तथापि पेढीवर पुष्कळदा ऐकू येते ते असे: “दागिना आज मुहूर्तावर घेऊन जा, सर्टिफिकेट मागाहून मुंबईहून येईल.” आठ दिवसांचे आठ महिने होतात आणि कागद येत नाही. अशा ‘मागाहून’चा शेवट काय होऊ शकतो, याचे एक उदाहरण जगापुढे आहे. मुंबईचा जवाहिऱ्या नीरव मोदी याच्याकडून कॅनडातील एका तरुणाने वाग्दानाच्या दोन अंगठ्या सुमारे दोन लाख डॉलरना घेतल्याचे वृत्त ऑक्टोबर 2018 मध्ये हाँगकाँगच्या वृत्तपत्राने दिले. त्या वृत्तानुसार प्रमाणपत्रे पाठविण्याचे आश्वासन मिळत राहिले, पण ती आली नाहीत. अखेर तपासणीत खडे प्रयोगशाळेत घडविलेले असल्याचे आढळले. ठरलेले लग्न मोडले आणि प्रकरण न्यायालयात गेले. नाव मोठे असले म्हणजे कागदाची गरज उरत नाही, हा समज या प्रकरणाने खोटा ठरविला आहे.

कोणी म्हणेल, सणाच्या दिवशी व्यापाऱ्यावर अविश्वास दाखविणे बरे नव्हे. आमचे म्हणणे असे की, परीक्षा मागणे हा अविश्वास नसून आपल्या परंपरेचाच आदेश आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या कोशात येणाऱ्या रत्नांच्या परीक्षेस स्वतंत्र अध्याय दिला आहे. बृहत्संहितेत वराहमिहिराने हिऱ्याची लक्षणे सांगितली आहेत. हलक्या प्रतीचे रत्न उत्तम प्रतीचे म्हणून विकणाऱ्यास मूल्याच्या आठपट दंड करावा, असे अर्थशास्त्र आणि याज्ञवल्क्यस्मृती दोन्ही सांगतात. महाभारताच्या शांतिपर्वात जाजली या तपस्व्याला धर्म कळला तो तुलाधार नावाच्या वाण्याकडून, ज्याचा तराजू सर्वांसाठी सारखाच होता. आपले तुकोबाही दुकानदारच होते. सचोटीचा व्यापार ही उपासनाच आहे, हे या भूमीला वेगळे सांगावे लागत नाही.

महाराष्ट्रात ग्राहकाच्या हक्काची चळवळही जुनी आहे. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली. पुढे 1986 साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि त्याच्या जागी आलेला 2019 चा कायदा जुलै 2020 पासून अमलात आहे. या कायद्याच्या दृष्टीने वचन दिलेले प्रमाणपत्र हा सौद्याचाच भाग होय. ती दुकानदाराची मेहेरबानी नव्हे. ते न देणे ही सेवेतील त्रुटी ठरू शकते. दर्जाविषयी खोटे सांगणे आणि पावती न देणे या तर अनुचित व्यापारी प्रथाच आहेत.

म्हणून सुज्ञ गृहिणींस व गृहस्थांस आमची विनंती अशी की, घडणावळ कमी करून घेण्यात जेवढी हुशारी आपण दाखवितो, तेवढीच पावती लिहून घेण्यात दाखवावी. सोन्याचे वजन आणि हिऱ्याचे वजन पावतीवर निरनिराळे असावे. हिरा नैसर्गिक की प्रयोगशाळेतील, त्याचा रंग व निर्मळता कोणती, प्रमाणपत्र कोणत्या संस्थेचे, त्याचा क्रमांक काय, आणि ते हाती नसेल तर कोणत्या तारखेपर्यंत मिळेल व न मिळाल्यास रक्कम परत होईल काय, हे सर्व लिहून घ्यावे. प्रमाणपत्र मिळताच त्याचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. पुष्कळ हिऱ्यांच्या कडेवर हाच क्रमांक सूक्ष्म अक्षरांत कोरलेला असतो. तो भिंगातून दाखविण्यास सांगावे.

इतके करूनही कागद आला नाही, तर प्रथम लेखी मागणी करावी. पत्रात मुदत घालावी, ते स्पीड पोस्टाने पाठवावे आणि पोहोच जपून ठेवावी. मोबाइलवरील संदेशही पुरावा म्हणून उपयोगी पडतात. ते पुसू नयेत. दागिना दुरुस्तीसाठी वा ‘तपासून देतो’ म्हणून पावतीशिवाय परत देऊ नये. उत्तर न आल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. तरीही दाद न लागल्यास जळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे. खरेदी मुंबईत वा सुरतेत झाली असली, तरी ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगापुढे तक्रार करता येते, ही नव्या कायद्याची मोठी सोय आहे. दिलेली किंमत 50 लाखांपर्यंत असल्यास प्रकरण जिल्हा आयोगापुढे चालते, आणि 5 लाखांपर्यंत शुल्क लागत नाही. वकील देण्याची सक्ती नाही. खड्याविषयी वाद असल्यास आयोग तो मोहोरबंद करून योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. त्याचा खर्च प्रथम तक्रारदाराने भरावयाचा असतो. दोष सिद्ध झाल्यास वस्तू बदलून देणे, किंमत परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश होऊ शकतात. आदेश न पाळणाऱ्यास कैदेची तरतूदही आहे.

एक गोष्ट मात्र विसरू नये. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत दाद मागावी लागते. “आज देतो, उद्या देतो” या गोड शब्दांतच ही मुदत सरून जाते, आणि भिडेपोटी गप्प बसलेले कुटुंब हक्क गमावून बसते. भीड ही सद्गुण खरी, पण लेकीच्या स्त्रीधनाची राखण करताना ती आड येऊ देऊ नये.

आषाढी एकादशीस पिंप्राळ्याचा विठ्ठलरथ निघतो तेव्हा तो शेकडो हातांच्या भक्तीने ओढला जातो. तरीही चाकाखाली वेळोवेळी मोगरी लावणारे सावध सेवेकरी नसतील, तर एवढा मोठा रथ नीट वळणार नाही. मोगरी लावणाऱ्याची भक्ती कमी असते असे कोणी म्हणत नाही. उलट त्याच्या सावधपणावर सर्वांचा जीव सुखरूप असतो. व्यवहाराच्या रथालाही पावती आणि प्रमाणपत्राची मोगरी हवीच. ती मागणारा ग्राहक आणि आनंदाने देणारा सराफ, दोघेही धर्माच्याच मार्गावर आहेत. या आखाजीस आपल्या घरी येणारे अलंकार खरे ठरोत, आणि त्यांच्यासोबत दिला-घेतलेला शब्दही अक्षय्य राहो.