चुन्याखालचे संत
(लेखांक सहावा)

मागच्या लेखांकात आपण जर्मनीतल्या विटेनबर्गला होतो. १५२२ साली तिथल्या उतावळ्या धर्मसुधारकांनी मूर्ती आणि चित्रं हटवण्याचा सपाटा लावला, तेव्हा त्यांना आवरायला खुद्द मार्टिन ल्यूथर लपण्याची जागा सोडून परत आला. चित्राला पुजू नका, पण म्हणून ते फोडायचंही कारण नाही, असं त्याचं म्हणणं. हे म्हणणं दूरच्या एका खेड्यात कसं उतरलं, ते आज पाहू. त्यासाठी डेन्मार्कच्या आग्नेयेकडच्या म्योन बेटावर जायला हवं.

तिथलं फानेफ्योरचं चर्च खाडीवरच्या टेकाडावर एकटंच उभं आहे, भोवती शेतं. वस्तीच्या मानाने ते फारच मोठं वाटतं. कारण मध्ययुगात ही खाडी जहाजांना आसऱ्याचं बंदर होती. बांधकाम साधारण १२५० च्या सुमाराचं, विटांचं. या देशात घडवायला सोपा दगड कमी, म्हणून जुनी गावचर्चेस हिमनद्यांनी आणून टाकलेल्या ग्रॅनाइटच्या धोंड्यांची आहेत. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात भाजक्या विटेचं तंत्र रुजलं आणि गवंड्यांचे हात मोकळे झाले. खेडोपाडी सपाट लाकडी छतं जाऊन विटांची कमानदार छतं आली. आगीची भीती कमी झाली, आणि चित्रकाराला डोक्यावर भलामोठा पांढरा कागद मिळाला!

फानेफ्योरच्या छतावर ही चित्रं उमटली १५०० च्या आसपास. चित्रकाराचं नाव कुणालाच माहीत नाही. याच बेटावरच्या एल्मेलुंदे गावातल्या चर्चमध्येही त्याचंच काम आहे, म्हणून अभ्यासक त्याला ‘एल्मेलुंदेचा चित्रकार’ म्हणतात. त्याची माणसं लगेच ओळखू येतात. जडावलेल्या पापण्या, कोरे चेहरे, विटकरी लाल, पिवळा, हिरवा असे मोजके रंग. प्रसंग बरेचसे ‘गरिबांचं बायबल’ या नावाने फिरणाऱ्या छापील चित्रपुस्तकांतून घेतलेले. पण माझं आवडतं पात्र म्हणजे टिटिव्हिलस नावाचा सैतान. चर्चमध्ये गप्पा छाटणाऱ्या दोन बायकांचा शब्दन् शब्द तो टिपून घेतो. बोलके पुरुष त्याच्या नजरेतून कसे सुटले, हे चित्रकारालाच ठाऊक.

ओल्या गिलाव्यावर रंग मुरवण्याची इटालियन पद्धत इथे नव्हती. डेन्मार्कमध्ये चुन्याच्या थरावर, बहुधा तो वाळल्यावर किंवा वाळत आल्यावर, रंगवत. त्यामुळे रंगाची पकड कच्ची.

मग १५३६ उजाडलं. राजा तिसऱ्या क्रिस्तियानने बिशपांना अटक केली, त्यांच्या जमिनी खालसा केल्या आणि राज्य ल्यूथरन झालं. ‘मध्ययुगीन ल्यूथरन चर्च’ असं आपण सहज म्हणतो, पण फानेफ्योरच्या भिंती तोवर जवळजवळ तीन शतकं कॅथलिक होत्या. इमारत पाडावी असं कुणाच्या मनातही आलं नाही. बदललं ते आतलं. आडबाजूच्या वेद्या गेल्या, पूर्वेकडची मुख्य वेदी राहिली. लोकभाषेतलं प्रवचन उपासनेच्या केंद्रस्थानी आलं, तशी प्रवचनपीठं उभी राहिली आणि तास-तास ऐकणाऱ्यांसाठी बाकडी आली.

चित्रांचं काय? एका रात्रीत सगळं पुसलं गेलं, हे चित्र डेन्मार्कपुरतं तरी खरं नाही. कित्येक ठिकाणी ती धर्मसुधारणेनंतरही बरीच वर्षं दिसत होती. पुढे धूर, ओल आणि बदललेली आवड यांनी ठरवलं. दिवाळीआधी घराला चुना काढावा तितक्या सहजपणे चर्चच्या भिंतींवर चुन्याचे हात चढत गेले आणि संत, सैतान, गप्पिष्ट बायका सगळे एकदमच आत गेले. पंथाच्या रागापेक्षा डागडुजीचा हात यामागे मोठा होता, असं मला वाटतं.

फानेफ्योरची चित्रं उघडी झाली १९३० च्या दशकात, राष्ट्रीय संग्रहालयाचे जतनतज्ज्ञ एग्मोंट लिंड यांच्या हातून. उशीर झाला ते बरंच झालं. एकोणिसाव्या शतकात सापडलेल्या चित्रांचे फिकट भाग नव्याने रंगवून ती ‘पूर्ण’ करण्याची हौस होती. त्यामुळे काही ठिकाणी आज मध्ययुग कुठे संपतं आणि दुरुस्ती कुठे सुरू होते, हेच कळत नाही. नंतरच्या पिढीने हात आखडता घेतला. आताची डोकेदुखी वेगळी आहे. चर्च हे चालू उपासनास्थळ, हिवाळ्यात ते तापवावं लागतं. गरम हवेबरोबर धूळ छताला चिकटते आणि ओल-कोरड्याच्या फेऱ्यांत भिंतीतले क्षार वर येऊन रंगाचे पापुद्रे सोडवतात.

पुढच्या आठवड्यात नॉर्वेतलं उर्नेस: तिथे वीट नाही, चुना नाही, सगळं लाकूड.