नेम आणि सोबत

ख्रिस्ती माणसाला त्याच्या श्रद्धेविषयी विचारलं, तर तो बहुधा सिद्धान्त सांगत नाही, नातं सांगतो. प्रभूशी बोलणं झालं, आज वचन मिळालं, प्रार्थनेत बळ आलं, अशी त्याची भाषा असते. हे नातं रोज टिकतं कशावर? दोन हजार वर्षांच्या ख्रिस्ती जीवनाकडे पाहताना मला याचं एकच उत्तर पुन्हा पुन्हा दिसतं. ते ठरलेल्या वेळेवर टिकतं. मन भरून आलेलं असो वा कोरडं असो, त्या वेळेला जाऊन बसण्यावर टिकतं.

अगदी आरंभीच्या मंडळीची ‘दिदाखे’ नावाची छोटी पुस्तिका आहे. प्रभूची प्रार्थना दिवसातून तीनदा म्हणावी, असा तिचा साधा आदेश. सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी नियम लिहिला आणि दिवसात सात वेळा, रात्री एकदा स्तोत्रं गाण्याची शिस्त लावली. पूर्वेकडच्या मठांनी श्वासाबरोबर येशूचं नाव घेण्याची साधना जोपासली. नामस्मरणाच्या मुलखात वाढलेल्या मराठी माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही.

पण ही शिस्त आणि साधना मठातली. संसारात, धंद्यात बुडालेल्या माणसाचं काय? 1535 साली विटेनबर्गच्या पेटर नावाच्या न्हाव्याने मार्टिन ल्यूथरना हेच विचारलं आणि ल्यूथरनी त्याच्यासाठी एक पुस्तिकाच लिहिली. सकाळी उठल्यावर पहिलं काम प्रार्थना, रात्री निजताना शेवटचं काम प्रार्थना. आधी हे काम उरकू, मग तासाभराने देवापुढे बसू, हा विचार मनात आला की सावध हो, असं ते बजावतात. न्हाव्याचं लक्ष वस्तऱ्यावर हवं, गप्पांत रमला तर गिऱ्हाइकाचं नाक कापेल, हा दाखला त्याच्याच धंद्यातला. पुढे ते दहा आज्ञांतली एकेक घेऊन तिच्यातून बोध, उपकारस्मरण, पापकबुली आणि विनंती असे चार पदर काढायला शिकवतात. मात्र मध्येच पवित्र आत्मा मनात बोलू लागला, तर ठरवलेलं सगळं सोडून नुसतं ऐक, असंही सांगतात. मला या पुस्तिकेतली ही मोकळीक सर्वांत मोलाची वाटते.

त्याच वर्षी या पेटरने जेवणाच्या बैठकीत जावयाला भोसकून मारलं आणि तो हद्दपार झाला. ही गोष्ट झाकू नये. प्रार्थनेची पद्धत हाती आली म्हणजे माणूस सुरक्षित झाला, असं कुणी कधी म्हटलेलं नाही. ल्यूथरनी त्याच्यासाठी रदबदली केली, त्याला टाकलं नाही.

पॅरिसच्या कार्मेल मठातले ब्रदर लॉरेन्स अलीकडे फार उद्धृत होतात. सतराव्या शतकातला हा जखमी होऊन परतलेला सैनिक. मठात त्याला स्वयंपाकघर मिळालं, आणि ते काम त्याला मनापासून नकोसं होतं. भांड्यांच्या गलक्यातही देवाची सोबत गुडघे टेकल्याइतकीच जाणवते, हा त्याचा अनुभव सगळे सांगतात. त्याआधीची सुमारे दहा वर्षं त्याने तळमळीत काढली, हे त्याने स्वतःच पत्रात लिहून ठेवलंय. ते मात्र सहसा सांगितलं जात नाही.

आपल्या किनाऱ्यावर हा नेम सुरुवातीपासून गळ्यातून आला. 1542 मध्ये गोव्यात उतरलेले फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यांतून फिरत, मुलांना आणि गुलामांना गोळा करत आणि प्रार्थना म्हणून घेत. पुढे थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने गोव्याच्या सासष्टीत राहून ‘क्रिस्तपुराण’ रचलं. सुमारे 11,000 ओव्यांचा हा ग्रंथ 1616 मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापला गेला. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची पुराणं सुटली होती, पण पुराण ऐकण्याची सवय सुटली नव्हती. स्टीफन्सनी ती सवय ओळखली आणि तिच्यात ख्रिस्तकथा ओतली. वसईच्या गावांत घरापुढच्या क्रुसाजवळ संध्याकाळी दिवा लागतो, सगळं घर मिळून रोझरी म्हणतं, ते याच किनाऱ्यावरचं. म्हाताऱ्या आजीला धर्मशास्त्र येत नसेल, पण पन्नास ‘नमो मरिया’ म्हणताना ती गल्फमधल्या मुलाला, आजारी शेजारणीला आणि मेलेल्या नवऱ्याला देवापुढे नेऊन उभं करते.

घाटावर हे काम अभंगाने केलं. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असं ते सांगत, आणि त्यांची रचना वाचली की ते अक्षरशः खरं वाटतं. त्यांची गीतं आजही नगर-पुण्याच्या उपासनेत म्हटली जातात. 1917 मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ नावाचा भक्तांचा मेळा मांडला. पगारी सेवकाच्या नात्यापेक्षा निराळं, थेट नातं त्यांना हवं होतं, असं मी समजतो. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र या वाटेवर यायला पाच वर्षं लागली. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचं आत्मचरित्र वाचताना जाणवतं, की त्यांची श्रद्धा चूल, पाणी, सोवळं-ओवळं यांच्याशी झगडत, स्वतःच्या अक्कलहुशारीने वाढली; नवऱ्याची उसनी घेतलेली नव्हती. दोघांच्या वाटा इतक्या निराळ्या असूनही देव एकच भेटला, याचा मला फार आधार वाटतो.

पंडिता रमाबाईंचं केडगावचं मुक्ती मिशन म्हणजे दुष्काळातून उचलून आणलेल्या मुली-बायकांचं अफाट घर. तिथे विणकाम, शेती, छापखाना, दवापाणी असा दिवसभराचा रगाडा. 1905 च्या जानेवारीत रमाबाईंनी रोज जमून प्रार्थना करण्यासाठी हाक दिली, तेव्हा सुमारे सत्तर जणी पुढे आल्या. जूनपर्यंत ही संख्या पाचशेच्या वर गेली. जूनअखेरीस जे प्रसिद्ध पुनरुज्जीवन झालं, त्याच्या कहाण्या जगभर गेल्या. मला पुनरुज्जीवनाच्या त्या रात्रींपेक्षा आधीचे पाच महिने महत्त्वाचे वाटतात. सकाळ-संध्याकाळ, काही घडत नसताना, जमत राहणाऱ्या त्या बायका. रमाबाईंनी स्वतः पुढची वर्षं हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आणण्यात घातली. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही.

आता कोरडेपणाविषयी, कारण बहुतेकांचा नेम तिथेच मोडतो. अव्हिलाच्या संत तेरेजा प्रार्थनेच्या थोर शिक्षिका. पण तासाचे ठोके कधी पडतात आणि प्रार्थना कधी संपते, याची वाट पाहत आपण कित्येक वर्षं बसलो, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा जगाला धक्का बसला. जवळपास पन्नास वर्षं त्यांना देवाची जवळीक जाणवत नव्हती, आणि तरी त्या रोज पहाटे मिस्सेला आणि परमप्रसादापुढे होत्या. काहींनी याला ढोंग म्हटलं. मला हे निष्ठेचं टोक वाटतं. जाणवत नाही म्हणून नातं संपलं, असं आपण आईवडिलांच्या, जोडीदाराच्या बाबतीत म्हणत नाही. मग देवाच्याच बाबतीत इतकी घाई का करावी?

नेमाला सोबतीची दुसरी बाजू आहे. नाझी राजवटीतल्या जर्मनीत 1935 पासून फिंकनवाल्डच्या गुप्त सेमिनरीत धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहॉफर विद्यार्थ्यांना रोज सकाळी अर्धा तास एकाच उताऱ्यावर मौन मनन करायला लावत. विद्यार्थी कुरकुरत, काय करायचं या अर्ध्या तासात, विचारत. बॉनहॉफर हटले नाहीत. पण त्याच विद्यार्थ्यांना ते एकत्र जेवायला, एकमेकांपुढे पाप कबूल करायलाही सांगत. एकट्याने देव गाठणारा माणूस हळूहळू स्वतःचाच आवाज ऐकू लागतो, हा धोका त्यांनी ओळखला होता. पुढे तेगेलच्या तुरुंगात याच सवयी त्यांच्या कामी आल्या. तिथेही ते रोज स्तोत्रं वाचत आणि शेजारच्या कैद्यांसाठी प्रार्थना लिहून देत.

आज सकाळी फोन उघडला की नातलगांच्या गटावर फुलांच्या चित्रावरचं एक वचन आलेलं असतं. ते पाठवणाऱ्याचं प्रेम खरं आहे, मी ते नाकारत नाही. पण पुढे ढकललेलं वचन आणि वाचलेलं वचन यांत अंतर आहे. विरारहून पहाटेची गाडी पकडणाऱ्या नर्सला किंवा पाळीवर जाणाऱ्या कामगाराला तासभराची शांत वेळ मिळणार नाही, आणि त्यांच्यावर तसं ओझं टाकू नये. त्यांनी एक स्तोत्र घ्यावं, आठवडाभर तेच घ्यावं, गाडीत मनातल्या मनात म्हणावं, रविवारी मंडळीत त्याविषयी कुणाशी तरी बोलावं. घरात लहान मुलं असतील तर रात्री जेवणाआधी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणावी, आणि मुलांनाही त्यांच्या शब्दांत काही मागू द्यावं, मग ते हरवलेल्या चेंडूसाठी का असेना.