सुई ओवून दे गं!

"सुई ओवून दे गं जरा..." दोन वर्षांपूर्वीपर्यंत ही हाक आमच्या घरात दिवसातून चार-पाच वेळा तरी ऐकू यायची. आई फॉल-पिको आणि ब्लाऊज शिवायची कामं करते. मशीन चालवायला तिला अडचण नव्हती, पण हातशिलाईची सुई ओवायची म्हटलं की दोरा डोळ्यांजवळ न्यायचा, लांब न्यायचा, ओला करायचा, आणि शेवटी मला हाक! मी मोबाईलमधून मान वर न काढता सुई ओवून द्यायची. आईला चष्म्याची गरज आहे, हे मला दिसत होतं. पण तो का होत नाही, हे विचारायचं मात्र कधी सुचलं नाही.

मैत्रिणींनो, ही गोष्ट २०२३ सालची. मी बी. कॉम. च्या पहिल्या वर्षाला होते. कुरुंदवाडहून एसटीनं कॉलेजला जायचं, संध्याकाळी परत यायचं. बाबा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला. महिन्याच्या खर्चासाठी ते माझ्या खात्यावर सोळाशे रुपये टाकायचे. परीक्षेच्या फॉर्मचे आठशे रुपये त्यांनी वेगळे टाकले होते. फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सकाळी खातं बघितलं, तर शिल्लक एकशे बारा रुपये!

मी काही मोठी उधळपट्टी केलेली नव्हती. कँटीनचा चहा, वडापाव, मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या केकची वर्गणी, मोबाईलचं कव्हर, केसांची क्लिप... सगळं वीस-तीस रुपयांचं. पण फॉर्मचे पैसे गेले होते. रडवेल्या चेहऱ्यानं आईजवळ गेले. बाबांना सांगू नकोस म्हटलं. आई एक शब्द बोलली नाही. फडताळातला बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला आणि सातशेसाठ रुपये मोजून माझ्या हातात ठेवले. नोटा बोटांनी चाचपत, डोळ्यांजवळ नेऊन मोजत होती.

फॉर्म भरला गेला. संध्याकाळी आजीनं सांगितलं, "ते तिच्या चष्म्याचं होतं बरं का. चौदाशे साठवलं होतं तिनं."

त्या रात्री मला झोप लागली नाही. कॉलेजात मी नफा-तोटा पत्रक शिकत होते, जमा-नावेची बेरीज जुळवत होते. आणि माझ्याच पैशाचा हिशेब मला माहीत नव्हता!

सकाळी शाळेच्या जुन्या वहीची उरलेली पानं घेतली. पहिल्या ओळीत लिहिलं, "आईकडून उसने - ७६०." आजपासून एक पैसा खर्च करायचा नाही, अशी शपथही घेतली. ती शपथ तिसऱ्या दिवशी कँटीनमध्ये मोडली. मग आजीकडं तक्रार केली, की माझ्याच्यानं हे होणार नाही.

आजीनं आयुष्यात कृष्णा-पंचगंगेचे बरेच पूर बघितलेत. २००५ चा बघितला, २०१९ चा बघितला, २०२१ चाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घर सोडून जावं लागलं तेव्हा मी नववीत होते. माझ्या वह्या-पुस्तकांचा लगदा झाला होता. आजी म्हणाली, "पुराचं पाणी एका झटक्यात घरात येतं व्हय गं? घाटाच्या पायऱ्या मोजत बसतो आपण. आज चार बुडाल्या, उद्या सहा. वीत-वीत चढतं, आणि उतरतानाही वीत-वीतच उतरतं. तू आधी पायरीला खूण तर कर!"

मग महिनाभर एवढंच करायचं ठरवलं. काही कमी करायचं नाही, फक्त लिहायचं. एसटीत बसल्या बसल्या, त्या त्या दिवशीच. महिना संपला तेव्हा ४६ नोंदी झाल्या होत्या. त्यातल्या ३९ नोंदी पन्नास रुपयांच्या आतल्या होत्या आणि त्यांची बेरीज अकराशेच्या वर! एकही खर्च असा नव्हता, की ज्याबद्दल कुणी मला रागावलं असतं. म्हणूनच तर ते माझ्याही लक्षात आले नव्हते.

दुसऱ्या महिन्यात एकच बदल केला. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, म्हणून मी पासाच्या रांगेत उभं राहायचा कंटाळा करत होते. पण विद्यार्थ्यांच्या मासिक पासाला दोन तृतीयांश सवलत असते, म्हणजे पास अर्ध्या तिकिटापेक्षाही स्वस्त. एका सकाळी अर्धा तास रांगेत उभी राहिले आणि महिन्याला दीड-दोनशे रुपये वाचायला लागले.

त्यानंतर मोबाईलकडं वळले. फोनवरून पैसे द्यायची यूपीआय सोय २०१६ मध्ये आली. सोय फार चांगली, पण हातातून नोट जाताना जे थोडंसं टोचतं ना, ते तिथं टोचत नाही. मी बाबांना म्हटलं, सोळाशे एकदम टाकू नका, दर सोमवारी चारशे टाका. बाबांचा पगार आठवड्यालाच होतो, त्यांनाही ते सोपं गेलं. शुक्रवारी खातं रिकामं झालं की सोमवारपर्यंत वाट बघायची. दोनदा उपाशीपोटी घरी आल्यावर डबा न्यायची सवय आपोआप लागली! कँटीन बंद केलं नाही, आठवड्यातून दोन दिवस ठेवलं. मैत्रिणींना सरळ सांगायला लागले, "आज नको गं, माझा आठवडा संपलाय." आधी हसल्या. मग त्यातलीच एक हळूच म्हणाली, "माझा तर बुधवारीच संपतो."

दर शनिवारी मी आईच्या डब्यात चाळीस रुपये टाकायचे. सातशेसाठ म्हणजे एकोणीस शनिवार. वाटेत दिवाळी आली, दोन शनिवार चुकले. वहीतले अकरा दिवस कोरे राहिले. आता कशाला लिहायचं, असं वाटलं. पण आजीची खूण आठवली. बाराव्या दिवशी लिहिलं, "कुठं गेले माहीत नाही - २४०," आणि पुढं चालू केलं. माझ्या वहीतली ही सगळ्यात खरी नोंद असेल. तेव्हा वही मिटून ठेवली असती तर ती पुन्हा उघडली नसती.

चाळीस रुपयांनी काय होतंय, असं आपल्याला वाटतं खरं. पण आमच्या भागात दारोदार फिरणारे पिग्मीवाले काका कुणाला माहीत नाहीत? रोज पाच-दहा रुपये गोळा करायची ही पद्धत १९२८ मध्ये शेजारच्या कर्नाटकात, उडुपी-मणिपाल भागात सुरू झाली. पुढं सिंडिकेट बँक या नावानं ओळखल्या गेलेल्या बँकेची माणसं घरोघर जाऊन दिवसाला दोन आण्यांपासून पैसे घ्यायची. ज्यांची रोजची कमाई रोज संपते, त्यांनी महिन्याच्या शेवटी काय शिल्लक टाकायची? म्हणून रोजचं रोज घ्यायचं, एवढाच त्यामागचा विचार.

साताऱ्याकडं म्हसवडच्या माणदेशी महिला बँकेची गोष्टही तशीच. रस्त्याकडेला राहून लोहारकाम करणाऱ्या कांताबाईंना पावसाळ्याआधी छपरावर टाकायला प्लॅस्टिकचा कागद घ्यायचा होता. त्यासाठी थोडे थोडे पैसे साठवायचे होते, पण रक्कम एवढी लहान की बँक खातं उघडेना. तेव्हा चेतना सिन्हा यांनी बायकांची स्वतःची बँक काढायचं ठरवलं. अर्जदार बायकांना लिहिता-वाचता येत नाही म्हणून पहिल्यांदा परवाना मिळाला नाही. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये बँक सुरू झाली. हे वाचलं तेव्हा बी. कॉम. ची विद्यार्थिनी म्हणून मला माझीच लाज वाटली!

डब्यातले पैसे फिटल्यावर शनिवारची सवय मोडायची नाही, असं ठरवलं. पण घरातला डबा हाताशी असतो, पाहुणे आले की उघडतो, आणि आमच्याकडं पुराचंही भय. म्हणून मी रोज दहा रुपयांची पिग्मी लावली. वर्षभर मोडली नाही. मुदतीआधी मोडली तर बहुतेक ठिकाणी व्याज मिळत नाही, वर थोडी कपातही होते, म्हणून नियम आधीच विचारून घ्यावेत. आणखी एक गोष्ट काकांना विचारायला लाजू नका. पैसे बँकेत जमा होतात, की पतसंस्थेत? बँकेतल्या ठेवींना, सहकारी बँकेतल्यासुद्धा, २०२० पासून एका ठेवीदारामागं पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवींना हा विमा नाही. मीही पावतीवरचं नाव नीट वाचलं, आणि मगच पैसे दिले.

पिग्मीचे पैसे आल्यावर पोस्टात आवर्ती ठेव उघडली. महिन्याला किमान शंभर रुपये, पाच वर्षं. ६.७ टक्क्यांच्या दरानं आपल्या सहा हजारांचे साधारण सात हजार एकशेतीस होतात. कुणी म्हणेल, हे तर काहीच नाही. पण दर महिन्याला शंभर रुपये बाजूला निघतात, आणि ते कुठं गेले हे मला माहीत असतं, याचं मोल मला जास्त वाटतं.

पण मला खरं सांगायचं होतं ते शेवटच्या शनिवारबद्दल. मार्च उजाडला होता. मी डब्यात चाळीस रुपये टाकले आणि आईला म्हटलं, "चल, आवर. जयसिंगपूरला जायचंय." "कशाला गं? माझे चार ब्लाऊज राहिलेत." मी डबा तिच्या मांडीवर ठेवला. तिनं मोजले. चौदाशे भरले. पुन्हा मोजले. "तू टाकत होतीस होय? मला वाटलं माझ्याच मोजण्यात घोळ होतोय."

चष्मा चौदाशे पन्नासला झाला. वरचे पन्नास मी दिले आणि वहीत लिहिले. आईनं फ्रेम मात्र साधीच घेतली, कितीही सांगितलं तरी.

घरी आल्यावर तिनं सुईदोरा काढला. एका फटक्यात ओवली! मग माझी वही पडली होती ती उचलली. इतके दिवस तिनं ती कधी वाचली नव्हती. बारीक अक्षर तिला लागायचंच नाही. पहिल्या पानावर थांबली. "आईकडून उसने - ७६०" या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बघत राहिली. आता रागावते, की रडते, मला कळेना.

आईनं माझं पेन मागितलं. त्या ओळीपुढं तिच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात लिहिलं - "पोचले." खाली तारीख घातली आणि सहीसुद्धा केली.

आता सुई ओवायला मला कुणी हाक मारत नाही. खरं सांगू? कधी कधी त्या हाकेची आठवण येते.