गोमंतकातील स्त्री व कुटुंब, सालाझारकालीन

पोर्तुगालमधील ‘इश्तादु नोव्हु’ (नवराज्य) या हुकूमशाहीच्या काळातील, म्हणजे १९३३ पासून १९६१ मधील मुक्तीपर्यंतचे, गोव्यातील स्त्रियांचे कौटुंबिक व सार्वजनिक जीवन. ही राजवट कितपत फॅसिस्ट होती याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. एकपक्षीय सत्ता, प्रकाशनपूर्व नियंत्रण, राजकीय पोलीस व गणवेशधारी युवक संघटना ही लक्षणे मात्र तिच्यात स्पष्ट दिसतात.

अंतोनियु सालाझार (१८८९–१९७०) याने ‘देव, देश, कुटुंब’ ही त्रयी राज्याचा पाया मानली. १९३३ च्या संविधानाने सर्व नागरिक कायद्यापुढे समान ठरविले. तथापि स्त्रियांच्या बाबतीत ‘निसर्गभेद’ व ‘कुटुंबहित’ यांचा अपवाद केला. या दोन शब्दांत बहुतेक सर्व निर्बंध सामावले. १९३६ मध्ये मातांची व १९३७ मध्ये मुलींची सरकारी संघटना स्थापन झाली. १९४० च्या धर्मकरारानंतर चर्चमध्ये लागलेल्या विवाहांना दिवाणी घटस्फोटाचा मार्ग बंद झाला.

गोव्यातील कौटुंबिक कायदा मात्र सालाझारपूर्व होता. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता १८७० मध्ये येथे लागू झाली. तिच्यानुसार विवाहपूर्व करार नसल्यास पतिपत्नींची मालमत्ता सामाईक होई आणि मुलींना मुलांप्रमाणे वारसा मिळे. स्थावर विकण्यास पत्नीची संमती लागे, परंतु व्यवस्थापन पतीकडेच असे. अर्धी मालकी असूनही रोजच्या व्यवहारात तिचा अधिकार मर्यादित राही. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० चा स्वतंत्र हुकूमनामा होता. पत्नीस ठराविक वयापर्यंत अपत्य वा पुत्र न झाल्यास, तिच्या संमतीने, पुरुषास दुसऱ्या विवाहाची मुभा त्यात होती. निपुत्रिक स्त्रीची ही ‘संमती’ कितपत स्वेच्छेची असे, हे सांगावयास नको. (वसईतील पोर्तुगीज सत्ता १७३९ मध्येच संपल्याने ही संहिता तेथे कधी पोहोचली नाही.)

घरातील पुरुष मुंबईत वा जहाजावर नोकरीस असल्याने शेती, कर्ज व मुलांचे शिक्षण अनेक घरांत स्त्रियाच पाहत. १९५४ नंतर भारताने आर्थिक नाकेबंदी केली, तेव्हा मुंबईहून येणाऱ्या पैशांवर चालणाऱ्या घरांना तिची झळ प्रथम लागली. शासनाचा हात गृहसमारंभापर्यंत पोहोचला होता : लग्नपत्रिकाही छापण्यापूर्वी मंजुरीस पाठवावी लागे. कुटुंबाला राज्याचा पाया म्हणणाऱ्या राजवटीचा कुटुंबावर एवढाच विश्वास होता.

गृहिणीपदाच्या या आदर्शास स्त्रियांनीच छेद दिला. १९४६ च्या चळवळीत मडगाव येथे वत्सला कीर्तनी यांना अटक झाली, तेव्हा स्त्रियांनी पोलीस चौकीवर धडक दिली. एप्रिल १९५५ मध्ये म्हापसे येथे बंदीहुकूम मोडून भरलेल्या नॅशनल काँग्रेस (गोवा) च्या अधिवेशनाचे अध्यक्षपद सुधाताई जोशी यांनी स्वीकारले व दीर्घ कारावास भोगला. त्या संस्कृतिकोशकार महादेवशास्त्री जोशी यांच्या पत्नी. लिबिया लोबो यांनी वामन सरदेसाई यांच्यासमवेत १९५५ पासून १९६१ पर्यंत सीमेवरील जंगलातून गुप्त नभोवाणी केंद्र चालविले.

पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी संहिता केली. तिने पतीस कुटुंबप्रमुख ठरविले. गोवा तोवर मुक्त झाल्याने ती येथे आली नाही. जुनी संहिता १९६२ च्या भारतीय अधिनियमान्वये चालू राहिली, आणि तिच्यातील वारसाविषयक भागाची जागा पुढे गोवा विधानसभेच्या २०१२ च्या अधिनियमाने घेतली.