अहिल्यानगर जिल्ह्यातील सामुदायिक रेडिओ

सामुदायिक रेडिओ म्हणजे विशिष्ट परिसरातील लोकांसाठी, त्यांच्याच सहभागाने आणि नफ्याचा हेतू न ठेवता चालविले जाणारे कमी शक्तीचे नभोवाणी केंद्र होय. शासकीय आकाशवाणी आणि खाजगी व्यापारी एफएम वाहिन्या यांच्यानंतर भारतात रुजलेला हा नभोवाणीचा तिसरा प्रकार आहे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील स्नेहालय या संस्थेचे ‘रेडिओ नगर ९०.४ एफएम’ हे केंद्र याच प्रकारात मोडते. दुर्गम भागातील लोकांसाठी नभोवाणी ही कल्पना जगात प्रथम प्रत्यक्षात आणणाऱ्यांमध्ये कॅथलिक धर्मगुरूंचा वाटा मोठा आहे. भारतातील केंद्रे मात्र वेगळ्या कायदेशीर चौकटीत उभी राहिली. त्यांच्या प्रक्षेपणाचा पल्लाही फार लहान आहे.

उगम

या प्रकारच्या नभोवाणीचा आरंभ साधारणतः दक्षिण अमेरिकेत मानला जातो. कोलंबिया देशातील सुतातेन्सा या डोंगरी गावी होसे होआकिन साल्सेदो या कॅथलिक धर्मगुरूने १९४७ मध्ये ‘रेडिओ सुतातेन्सा’ सुरू केला. शाळा नसलेल्या वाड्यावस्त्यांवरील शेतकरी कुटुंबे रेडिओसंचाभोवती एकत्र बसत आणि गावातीलच एखादा साक्षर माणूस त्यांना धडा गिरविण्यास मदत करी. अक्षरओळख, आरोग्य, शेती आणि धर्मशिक्षण असे विषय त्यात होते.

बोलिव्हियातील खाणकामगारांनी त्याच सुमारास आपल्या संघटनांच्या वर्गणीतून स्वतःची केंद्रे उभारली. त्यांना विरोध करण्याच्या हेतूने १९५९ मध्ये खाणींच्या प्रदेशात ‘रेडिओ पियो बारावे’ हे कॅथलिक केंद्र स्थापन झाले. कामगारांच्या जीवनाशी जवळून परिचय झाल्यावर या केंद्राची भूमिका पालटली आणि पुढे ते कामगारांच्या बाजूने उभे राहिले. केंद्राची मालकी कोणाची, याइतकेच ते कोणाचे ऐकते यालाही महत्त्व असते, हे या उदाहरणातून दिसते.

अतिउत्तरेकडील ठळक उदाहरण अलास्कातील नोम या गावाचे आहे. बेरिंग समुद्राच्या किनाऱ्यावरील हे गाव उर्वरित अलास्काशी रस्त्याने जोडलेले नाही. तेथे १९७१ मध्ये ‘केएनओएम’ हे कॅथलिक केंद्र सुरू झाले. आसपासच्या इनुपियाक आणि युपिक या मूलनिवासी लोकांच्या गावांसाठी हवामान, बातम्या आणि एका गावातून दुसऱ्या गावातील आप्तांना पाठविलेले वैयक्तिक निरोप ही त्याची मुख्य सेवा ठरली. हिमवादळाची सूचना वेळेवर मिळणे हा तेथे जीवनमरणाचा प्रश्न असल्याने धार्मिक आशयाइतकेच व्यावहारिक माहितीला स्थान मिळाले.

प्रक्षेपणाचा पल्ला

केएनओएम मध्यम लहरींवर, ७८० किलोहर्ट्झवर, २५,००० वॅट शक्तीने प्रक्षेपण करते. मध्यम लहरी जमिनीच्या आणि विशेषतः समुद्राच्या पृष्ठभागालगत दूरवर जातात. एफएमच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत प्रवास करतात. वाटेत डोंगर आला की त्यापलीकडील दरीत त्या क्षीण होतात किंवा पोहोचतच नाहीत. भारतातील सामुदायिक केंद्रे एफएमवर चालतात. त्यांना सर्वसाधारणपणे १०० वॅट परिणामी प्रारित शक्तीची मर्यादा असून मनोऱ्याची उंची जमिनीपासून ३० मीटरपर्यंतच ठेवता येते. त्यामुळे त्यांचा पल्ला सपाट प्रदेशातही सुमारे ५ ते १० किलोमीटर इतकाच असतो.

भारतातील धोरण

सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणासंबंधीच्या खटल्यात ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचा निर्णय दिला. या निर्णयाने नभोवाणीवरील शासनाच्या एकाधिकाराला प्रश्न विचारण्याचा मार्ग मोकळा झाला. २००२ च्या धोरणानुसार प्रथम शैक्षणिक संस्थांना परवानगी मिळाली आणि १ फेब्रुवारी २००४ रोजी चेन्नई येथे अण्णा विद्यापीठाचे ‘अण्णा एफएम’ सुरू झाले. २००६ च्या धोरणाने स्वयंसेवी संस्था, सार्वजनिक न्यास, कृषी विद्यापीठे आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही हा मार्ग खुला केला. स्वयंसेवी संस्थेने किमान तीन वर्षे समाजकार्य केलेले असावे, अशी अट आहे. तेलंगणातील माचनूर येथे दलित स्त्रियांनी चालविलेला ‘संघम रेडिओ’ १५ ऑक्टोबर २००८ रोजी सुरू झाला.

धोरणानुसार किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर आणि शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत तयार करावे लागतात. राजकीय पक्ष, व्यक्ती आणि नफ्यासाठी चालणाऱ्या संस्था यांना परवाना मिळत नाही. धार्मिक कार्यक्रमांना सरसकट बंदी नाही. मात्र श्रोत्यांच्या धर्मभावनांचा गैरफायदा घेतला जाऊ नये आणि अन्य धर्मीयांच्या श्रद्धा दुखावल्या जाऊ नयेत, याची दक्षता केंद्राने घ्यावयाची असते. म्हणून धर्मसंस्थेशी संबंधित एखाद्या सामाजिक न्यासाने केंद्र चालविले, तरी ते परिसरातील सर्व लोकांचे केंद्र असणे अपेक्षित आहे. स्वतंत्र बातम्या देण्यावरील निर्बंध ही या धोरणाची सर्वाधिक चर्चिली गेलेली मर्यादा होय. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, रोजगार, पाणी व वीजपुरवठा यांविषयीची माहिती मात्र बातमी मानली जात नाही.

महाराष्ट्र आणि अहिल्यानगर

महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाची ‘विद्यावाणी’, बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ आणि सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथील ‘माणदेशी तरंग’ ही या क्षेत्रातील परिचित केंद्रे आहेत. ‘रेडिओ नगर’ चालविणारी स्नेहालय ही संस्था १९८९ पासून देहविक्रयात अडकलेल्या स्त्रिया, त्यांची मुले आणि एचआयव्हीबाधित व्यक्ती यांच्यासाठी काम करीत आहे.

जिल्ह्यातील ख्रिस्ती संस्थांची माध्यमपरंपरा प्रामुख्याने मुद्रणाची आहे. अमेरिकन मराठी मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये येथूनच सुरू झाले. पुढे जेझुइट धर्मगुरूंनी जिल्ह्यात शाळांबरोबरच पाणलोट विकासाचे काम उभारले. स्विस धर्मगुरू हर्मन बाखर यांचे नाव त्यात अग्रक्रमाने घेतले जाते.

दुर्गम उत्तर भाग

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा असून त्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर आहे. १० किलोमीटर पल्ल्याच्या एका केंद्राचे वर्तुळ सुमारे ३१४ चौरस किलोमीटरचे होते. सर्व भूमी सपाट मानली तरी संपूर्ण जिल्हा व्यापण्यास पन्नासहून अधिक केंद्रे लागतील.

वायव्येकडील अकोले तालुक्यात ही अडचण सर्वाधिक जाणवते. हे गाव जिल्ह्याच्या मुख्यालयापासून सरळ रेषेतही सुमारे ९० किलोमीटर दूर आहे. राज्यातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), हरिश्चंद्रगड आणि भंडारदऱ्याचा परिसर याच तालुक्यात येतो. सह्याद्रीच्या सोंडांमुळे येथील खोरी एकमेकांपासून तुटलेली आहेत. महादेव कोळी आणि ठाकर या आदिवासी समाजांची येथे मोठी वस्ती असून पश्चिमेकडील डांगाण भागाची स्वतःची बोली आहे. कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी जपलेल्या देशी बियाण्यांच्या वाणांमुळे या भागातील शेतीचे मौखिक ज्ञान देशभर पोहोचले. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली.

अशा प्रदेशाला शहरातील केंद्राची शक्ती थोडी वाढवून फारसा उपयोग होत नाही, कारण मधले डोंगर तसेच राहतात. पावसाळ्यात दरड कोसळून रस्ता बंद झाल्याची सूचना, भातलावणीचा सल्ला किंवा आरोग्य पथकाच्या भेटीची वेळ डांगाणी बोलीत सांगावयाची, तर केंद्र त्याच खोऱ्यात असावे लागते. परवान्यास पात्र ठरणाऱ्या संस्थांमध्ये महाविद्यालये आणि स्थानिक सामाजिक न्यास यांचा समावेश असल्याने धोरणाच्या चौकटीत हे शक्य आहे. नोमच्या केंद्राने मोठ्या शक्तीच्या बळावर जे अंतर ओलांडले, ते येथे एकमेकांजवळच्या लहान केंद्रांनीच ओलांडता येण्यासारखे आहे.